एकोणीस मिनिटं

"पाय उचलू नका!"

असं कुणी ओरडलं की माणूस आधी पाय उचलतो. मीही उचलला. चपलेखालून टिंग असा बारीक आवाज झाला आणि काहीतरी चकाकत चकाकत पायऱ्यांवरून खाली उड्या मारत गेलं.

"गेली," तो म्हणाला. रागाने नाही. समोरून बस निघून गेली की आपण म्हणतो, तसं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, मोठ्या खिडकीखाली, एक माणूस वर्तमानपत्र पसरून बसला होता. पुढ्यात एक टाइपरायटर, पोट उघडं टाकून पडलेला. आमच्या संस्थेच्या ऑफिसात भरदुपारी दिवा लावावा लागे, म्हणून दुरुस्तीला तो जिन्यातल्या उजेडात बसला होता. सुटे भाग दोन पायऱ्यांवर ओळीने मांडलेले, आणि त्या ओळीतून मी डोळे पुसत खाली निघालेली.

"काय होतं ते?"

"स्प्रिंग."

मी खालच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून शोधायला लागले. तोही शोधायला लागला. दोघांची डोकी एकाच पायरीवर वाकलेली... आणि माझं नाक सारखं वाहतंय.

"मी रडत नाहीये," त्याने विचारलंही नव्हतं तरी मी सांगून टाकलं.

"बरं."

"सर्दी झालीय."

"बरं."

"खरं सांगू? नापास झाले मी. आत्ताच. समुपदेशनाच्या प्रात्यक्षिकात. समोरचा माणूस गप्प बसला ना, की मला धीरच धरवत नाही. आठ सेकंद. आमच्या बाईंनी घड्याळ लावून मोजलंय. नवव्या सेकंदाला मी काहीतरी बोलतेच. आता तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, ती शेवटची. तीही गेली तर दादाच्या औषधाच्या दुकानात खुर्ची रिकामी आहेच माझ्यासाठी. आणि वहिनी म्हणते, बोलण्याचं शिक्षण कशाला गं लागतं तुला, तू तर झोपेतही बोलतेस—"

त्याने एक बोट उचललं. मी गप्प झाले.

"स्वेटर," तो म्हणाला.

शोधता शोधता स्प्रिंग माझ्याच स्वेटरच्या लोकरीत अडकून लोंबत होती. त्याने ती दोन बोटांच्या चिमटीत अलगद सोडवली. लोकरीचा एक धागाही ओढला गेला नाही. मला उगाचच वाटलं, या माणसाने कधी कुणाचं काही तोडलं नसेल.

त्याच्याविषयी मला काहीच कळलं नाही. माझ्याविषयी मात्र त्याला सगळं कळलं होतं. घरी पोचल्यावर हे लक्षात आलं, आणि कान गरम झाले.

पुढच्या मंगळवारी सरावाच्या खोलीचं दार उघडलं, तर समोरच्या खुर्चीत तोच!

आमच्या संस्थेची एक पद्धत होती. खऱ्या माणसांपुढे बसवण्याआधी आम्हाला सरावाच्या क्लायंटपुढे बसवत. त्याच्या हातात बाई एक चिठ्ठी देत. त्यावर चार ओळींत कुणाचं तरी दुःख लिहिलेलं असे. तो त्या माणसासारखा बसायचा, आणि आम्ही त्याला बोलतं करायचं. भिंतीत एकाच बाजूने दिसणारी काच होती, तिच्यामागे बाकीचा वर्ग. टेबलावर चपलांच्या खोक्याएवढा टेपरेकॉर्डर.

"लोक आपल्याकडे हौसेने येत नाहीत," बाई आम्हाला सांगत. "बायको पाठवते, साहेब पाठवतो, कोर्ट पाठवतं. ते येतात आणि घट्ट मिटून बसतात. त्यांच्यावर चिडायचं नाही. मिटून बसण्याने त्यांना आजवर कशापासून तरी वाचवलेलं असतं. ते काय, हे त्यांनी सांगेपर्यंत तुम्ही फक्त सोबत बसायचं."

अशी मिटून बसणारी माणसं कोण करून दाखवणार? नाटकातले लोक आणून पाहिले, पण ते पाच मिनिटांत हमसून हमसून रडायला लागत. मग गेल्याच आठवड्यात हा टाइपरायटरवाला ऑफिसात आला असताना बाईंनी सहज त्याची चौकशी केली. गाव कोणतं, घरी कोण, काम कसं चाललंय. अर्धा तास बाई विचारत होत्या, आणि अर्ध्या तासाने त्यांना कळलं की आपल्याला एवढंच समजलंय, रिबन बदलायला झाली आहे. पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्या बाई! त्यांनी तिथल्या तिथे त्याला मंगळवार-शुक्रवारचं बोलावणं दिलं. त्याला नाटक येत नव्हतं. टाळणं येत होतं.

पुढे वर्गाने त्याचं नाव ठेवलं, कुलूप.

"नमस्कार," मी म्हणाले. आवाज चिरकला. "इथे येताना कसं वाटलं?"

"जिना चढताना दम लागला."

"नाही, म्हणजे... मनाला कसं वाटलं?"

"मन मागून येतंय. ते हळू चढतं."

काचेमागून दबलेलं हसू ऐकू आलं.

"ऑफिसने तुम्हाला माझ्याकडे पाठवलंय. का बरं?"

"ते ऑफिसला माहीत."

एक... दोन... तीन... तो खिडकीबाहेर बघत होता. सहा... सात...

"झोप लागते का? जेवण जातं का? घरी कोण कोण असतं?"

"लागते. जातं. असतात."

काचेमागचं हसू आता दबलेलं राहिलं नाही. निघताना दारात तो क्षणभर थांबला आणि अगदी हळू म्हणाला, "सर्दी बरी दिसतेय, प्रश्नपत्रिका."

माझं नाव असं पडलं.

बाईंचा एक नियम होता. परीक्षा होईपर्यंत सरावाच्या क्लायंटशी बाहेर बोलायचं नाही. ओळख वाढली की सरावाला अर्थ राहत नाही. आता संस्थेतून बसथांब्याकडे रस्ता एकच, आणि मंगळवारी, शुक्रवारी आम्ही दोघं एकाच वेळी सुटत असू. पहिल्या दिवशी मी त्याला पाहून मुद्दाम समोरच्या फुटपाथवर गेले. तिथे रस्ता खणून ठेवलेला होता. हातभर खड्डा ओलांडून गुपचूप परत आले. तो हसला नाही. पण पावलं सावकाश झाली त्याची.

"बाईंनी बोलू नका सांगितलंय," मी म्हणाले.

"मी कुठे बोलतोय."

"मग मीही नाही बोलणार."

"तुम्ही बोला. मी ऐकतो. ऐकायला बंदी नाही."

अशी पळवाट काढून आम्ही चालायला लागलो. मी बोलायची, तो ऐकायचा. मी त्याला आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलाबद्दल सांगितलं. माझे वडील चिडले की ओरडत नसत, गप्प बसत. दोन-दोन दिवस. ताटाला चमचा लागला तरी आम्ही दचकायचो. मग मी, सगळ्यांत धाकटी, काहीबाही बडबडत सुटायची. शाळेतल्या गमती, शेजारच्यांच्या नकला. ते एकदा जरी हसले तरी घर सुटकेचा श्वास टाकायचं. घराचा श्वास माझ्या जिभेवर होता म्हणा ना.

पुढच्या शुक्रवारी तो टपालपेटीपाशी थांबला आणि म्हणाला, "इथून थांब्यापर्यंत गप्प."

"का?"

"सराव."

टपालपेटीपासून थांबा म्हणजे दीडशे पावलं. पहिल्या दिवशी मी चाळिसाव्या पावलाला फुटले. दुसऱ्या वेळी सत्तराव्या. वारा असायचा, त्याच्या कोटाची बाही अधूनमधून माझ्या बाहीला घासायची, आणि तो न बोलता माझ्या आणि गाड्यांच्या मधून चालायचा. तिसऱ्या आठवड्यात मी दीडशे पावलं चालले आणि थांब्यावर पोचल्यावर मला कळलं, की मी मोजायलाच विसरले होते. ही शांतता वेगळी होती. हिच्यात कुणी रागावलेलं नव्हतं.

त्याच दिवशी मला दुसरी भीती लागली.

आत्तापर्यंत परीक्षेची भीती होती, तिची मला सवय होती. ही नवी. हा माणूस माझ्यासोबत चालतो, ते मी आवडते म्हणून... की नाही म्हणणं टाळतो म्हणून? टाळण्यातच तर त्याचा हातखंडा! आमच्या वर्गातली उंच मुलगी, पहिल्या फटक्यात पास झालेली, तिच्यासमोर तो एकदा हसला होता. ते चिठ्ठीतलं हसू होतं की त्याचं? त्याला घरी कोण आहे, कोण नाही, मला काही माहीत नव्हतं. मी त्याला माझं अख्खं बालपण देऊन बसले होते, आणि माझ्या हाती एक "बरं" होतं. रात्री उशीवर मी त्याची वाक्यं मोजायची. पाच-सहा शब्दांच्या पुढे एकही जात नव्हतं.

"तुम्हाला काही सांगावंसं वाटत नाही?" एकदा मी थांब्यावर चिडून विचारलं.

"सगळं छान आहे."

"हे चिठ्ठीतला माणूस म्हणतो!"

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ जरासे हलले. मग बस आली, आणि मी काही न ऐकता चढले. खिडकीतून पाहिलं तर तो तसाच उभा होता, ओठ जरासे उघडे. अजूनही तो "सगळं छान आहे" म्हणाला की मी चष्मा काढून त्याच्याकडे बघते. पण तेव्हा मला हे वाचता येत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. "घाबरू नकोस. नाही जमलं तर ये सरळ घरी." त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं. पण परत गेले, की ते टेबल, ती ताटं, ते वडील. आणि बडबडणारी मी, जन्मभर.

परीक्षा सकाळी अकराला. बाहेरून परीक्षक आले होते. कडक इस्त्रीचे, मनगटावर मोठं घड्याळ. नियम त्यांनीच वाचून दाखवला. बैठक तीस मिनिटांची. उमेदवाराने ती मध्ये थांबवली तर नापास. टेप पूर्ण हवी. बाकीचं गुणांवर.

तो आत आला. कोट, विंचरलेले केस. खुर्चीत बसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी टेपचं बटण दाबलं, लाल दिवा लागला.

चिठ्ठीत होता एक विधुर, मुलीने बळजबरीने पाठवलेला. तो नेहमीसारखाच टाळत होता. मुलीला उगाच काळजी वाटते. स्वयंपाक येतो. शेजारी चांगले आहेत. मी प्रश्न कमी केले होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाराव्या मिनिटाला तो थांबला, आणि मीही थांबले.

आठ सेकंद गेले. वीस गेले. घशाशी आलेले तीन प्रश्न मी गिळले. टपालपेटी आठवली, वारा आठवला. पन्नास सेकंद... त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं, त्याने काहीतरी ठरवलं.

"माझे वडील शिक्षक होते," तो म्हणाला. "मी लहानपणी अडखळत बोलायचो. ते मला जेवणाआधी ताटासमोर उभं करून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावत, नीट येईपर्यंत. नीट आलं की जेवण. मग मी बोलणंच बंद केलं. अकरा महिने."

हे वाक्य फार लांब होतं.

"पुढे मी आखूड बोलायला शिकलो. जे शब्द अडकत, ते सोडून द्यायला शिकलो. कुणाला कळत नाही. वडील आजारी होते, हॉस्पिटलात. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, मला माफ केलंस ना? मला ह... मला ह—"

त्याचा जबडा ताठरला. मानेची शीर तट्ट फुगली. चिठ्ठ्यांमधल्या विधुराचे, ड्रायव्हरचे, पोस्टमास्तरचे, कुणाचेही हात त्या खोलीत कधी हलले नव्हते. आज एका अंगठ्याने तो दुसरा अंगठा सोलून काढावा तसा घासत होता.

"मला ह— मला... एका अक्षराचा शब्द, तो आला नाही. ते वाट बघत होते. मी तोंड उघडून उभा होतो. आणि मग ते वाट बघायचे थांबले."

हे चिठ्ठीत नव्हतं. कुठल्याही चिठ्ठीत नव्हतं.

लाल दिवा जळत होता. टेपची चाकं फिरत होती. काचेमागे अकरा मुलं होती, बाई होत्या, परीक्षक होते. भिंतीवरच्या घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती. अजून अकरा. मला फक्त "हं" म्हणायचं होतं आणि सोबत बसायचं होतं. तो बोलतच राहिला असता, मला पक्कं ठाऊक होतं. इतकी छान बैठक त्या वर्षी कुणाचीच झाली नव्हती. मी पास झाल्यातच जमा होते. दादाची खुर्ची रिकामी राहणार होती.

आणि उद्या ही टेप वर्गात लावणार होते, नमुना म्हणून. त्याचं ते तोंड उघडून उभं राहणं अकरा जण वहीत उतरवून घेणार होते.

मी हात पुढे केला आणि बटण दाबलं. खट्.

"इथे थांबू या," मी म्हणाले. "हे त्यांच्यासाठी नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच त्याच्या तोंडातला घास काढून घेतला.

परीक्षकांनी घड्याळावर बोट ठेवलं. एकोणीस मिनिटं. नापास. बाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या, पण नियम नियमच राहिला. बाहेर येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला विचारशील तर बरोबर केलंस. पण कागदावर मला काही करता येणार नाही." आणि खरंच आलं नाही. मी पुढे एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसले, वर्षभराने दुसऱ्या संस्थेतून हेच शिक्षण घेतलं, आणि मग तीस-एक वर्षं मिटून बसलेल्या माणसांसमोर बसून काढली. पण त्या सकाळी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मी फक्त जिना उतरत होते.

तो थांब्यावर होता. मला बघून ताडताड चालत आला. इतक्या महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच रागावलेलं पाहिलं.

"बंद करायला नको होतं. मी बोलत होतो. तुम्ही पास झाला असता!"

"तुम्ही मला पास करायला बोलत होता?"

"सुरुवात त्यासाठीच केली." तो दम घ्यायला थांबला. "चिठ्ठीतला म्हातारा सुटतच नव्हता. तुम्ही गप्प बसलात. इतका वेळ... मग वाटलं, हिला आपलंच देऊन टाकावं."

"आणि मग?"

"मग ते खरंच बाहेर यायला लागलं."

"म्हणून तर बंद केलं," मी म्हणाले, आणि रडायलाच लागले. "मला असं पास व्हायचं नव्हतं. तुमच्या वडिलांवर पाय ठेवून. वेडे आहात तुम्ही! कुणी असं देतं का? इतक्या लोकांसमोर? मला एकटीला सांगायला काय झालं होतं? इतके दिवस मी एकटीच बडबडतेय, मला वाटलं तुम्हाला मी— मला वाटलं तुम्ही फक्त नियम पाळताय—"

त्याने एक बोट उचललं. मी गप्प झाले.

"उ—" तो म्हणाला.

आणि अडकला.

जबडा ताठ झाला, पापण्या मिटल्या. आखूड वाक्याची पळवाट त्याला ठाऊक होती. दुसरा शब्द निवडता आला असता. त्याने निवडला नाही. मला तो शब्द दिसत होता, माझ्या जिभेच्या टोकावर तयार होता, नुसता ओठ उघडायचा अवकाश... मी ओठ आवळून धरले. बस आली. दार उघडलं, कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं, खांदे उडवले, बस गेली. एक बाई छत्रीचा आधार घेत आमच्या मधूनच पलीकडे गेल्या. मी त्याच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. मोजलंही नाही.

"उ—उद्या," तो म्हणाला, "मंगळवार नाही. शुक्रवारही नाही. परीक्षा संपली, नियमही संपला. तरी मी टपालपेटीपाशी येणार आहे. आणि परवाही. मला खूप सांगायचं आहे, आणि मला फार वेळ लागेल, कदाचित... बरीच वर्षं. तुम्हाला सोडून मला ते कुणालाच सांगायचं नाही."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. वाऱ्याने कोटाची बाही माझ्या हातावर येऊन टेकली. मी ती झटकली नाही. आणि मी, जी झोपेतही बोलते, एक अक्षरही बोलले नाही.

पाच सेकंद... दहा... त्याचा चेहरा उतरत चालला.

"चालेल ना?" त्याने विचारलं.

इतक्या महिन्यांत त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी त्याला थोडा वेळ वाट बघायला लावली. फार नाही... जेमतेम आठ सेकंद.